आमची कंपनी डोमेनमध्ये आली तेव्हा

आयटीवाल्याकडे एवढे किस्से जमतात, त्यात त्याचं कर्तृत्व काही नसतं. लोक त्याला बोलावतात तेच मुळी काहीतरी अडल्यावर. आणि अडलेला माणूस जे बोलून जातो ना, ते चहाच्या टपरीवर वर्षानुवर्षं गप्पा मारल्या तरी बाहेर येत नाही! आपण फक्त खुर्ची ओढून शेजारी बसायचं आणि कीबोर्डकडे बघत राहायचं. किस्सा आपोआप पदरात पडतो.

मित्र जमले की मला हटकून फर्माईश होते, "ए पवार, ते तुमच्या डोमेनचं सांग ना!" तुकड्या-तुकड्यांनी सांगून कंटाळलो, म्हणून आज सगळं सांगून टाकतो.

तळोज्याला आमची केमिकल कंपनी. कापडाच्या रंगाला लागणारी रसायनं बनवतो. प्लांट तळोज्यात, हेड ऑफिस बेलापूरला. आणि आयटी डिपार्टमेंट म्हणजे दोन माणसं. घरत मॅडम आणि मी. मॅडम मूळच्या उरणकडच्या, जासईच्या, आता उलव्याला फ्लॅट घेतलाय. मी कोपरखैरण्यात वाढलेला, घरचे साताऱ्याचे. मॅडम साहेबलोकांशी अगदी छापील मराठीत बोलायला सुरुवात करतात. पण काम रंगात आलं की त्यांच्या गावची बोली वर येते. "हाय", "नाय", "पन" सुरू झालं की मी ओळखतो, आता काहीतरी मोठं होणार!

* * *

तेव्हा आमच्याकडे प्रत्येक कॉम्प्युटर म्हणजे एकेक संस्थान होतं. ज्याचा कॉम्प्युटर तो त्याचा राजा. पासवर्ड त्यालाच ठाऊक. राजा रजेवर गेला की संस्थान बंद.

सेल्समधल्या एका गृहस्थांनी नोकरी सोडली. नाव नको, आपण त्यांना राजाभाऊ म्हणू. त्यांच्या मशीनचे अ‍ॅडमिन तेच, म्हणजे सगळे अधिकार त्यांच्याच हातात, आणि एका परदेशी ऑर्डरची सगळी कागदपत्रं त्या मशीनमध्ये. कंटेनर पोर्टवर उभा! राजाभाऊंना फोन केला तर म्हणाले, "बाहेर आहे, नंतर सांगतो." दुसऱ्यांदा केला तर, "ड्राइव्ह करतोय." तिसऱ्यांदा उचललाच नाही.

शेवटी आमच्या एमडीसाहेबांनी मॅडमना आणि मला त्यांच्या घरी धाडलं. कामोठ्याला राहायचे. वहिनींनी प्रेमानं बसवलं, पोहे आणले, स्वतः समोर बसल्या. म्हणाल्या, "अहो, एवढ्या लांबून आलेत, सांगून टाका ना तो पासवर्ड."

राजाभाऊंनी वहिनींकडे बघितलं. मग पोह्यांकडे. मग उठून चपला घालायला लागले.

"मीच येतो टाईप करायला!"

ऑफिसात आले, खुर्चीत बसले, आणि त्यांची बोटं कीबोर्डकडे गेली तशा मॅडम पाठ करून उभ्या राहिल्या. मलाही दंडाला धरून फिरवलं. कागदपत्रं निघाली, कंटेनर सुटला.

ते गेल्यावर मी हळूच म्हटलं, "मॅडम, काय असेल हो तो पासवर्ड?"

"मी बघितला नाय," मॅडम म्हणाल्या. "आन् तू पन बघितला नायस!"

साहेबांनी त्याच दिवशी बोलावून सांगितलं, "पुन्हा कंपनीच्या कामासाठी कोणाच्या घरी पोहे खायला जायचं नाही. काय करायचं ते करा."

मॅडमच्या डोक्यात ते आधीपासूनच होतं. डिरेक्टरी सर्व्हिस. म्हणजे काय, ते त्यांनी साहेबांना दोन वाक्यांत सांगितलं. "सर, आत्ता आपल्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला वेगळा वॉचमन आहे. त्याऐवजी एकच गेट करायचं, आणि गेटवरच्याला माहीत पाहिजे की कोण कोण आहे आणि कोणी कुठल्या मजल्यापर्यंत जायचं."

हे गेट म्हणजे सर्व्हर आणि ही सोसायटी म्हणजे डोमेन. बस, एवढंच लक्षात ठेवा. पुढचं सगळं माणसांचं आहे.

* * *

सर्व्हर बसला. आता हक्क वाटायचे होते. साहेबांनी बोलावलं.

"घरत मॅडम, यात सगळ्यात वरचा अधिकार कोणता?"

"डोमेन अ‍ॅडमिन, सर. त्याला काहीही करता येतं. कोणालाही काढू शकतो, कोणाचंही उघडू शकतो."

"मग तो मला द्या. कंपनी माझी आहे."

मी जमिनीकडे बघायला लागलो. मालकाला नाही कसं म्हणणार? कॉन्ट्रॅक्ट रिन्यू व्हायला आलेलं, माझं आणि मॅडमचंही!

मॅडमनी आपला लॅपटॉप साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "सर, हे माझं रोजचं लॉगिन. यातून सर्व्हर बंद करून दाखवा."

साहेबांनी क्लिक केलं. परवानगी नाही! दुसऱ्याची फाईल उघडायला गेले. परवानगी नाही! नवा प्रोग्रॅम टाकून बघितला. परवानगी नाही!

"हे काय? अ‍ॅडमिन तुम्ही ना?"

"तो अधिकार मी वेगळा ठेवलाय. लागेल तेवढ्यापुरता काढते, काम झालं की परत आत. रोजच्या कामाला मला पन रिसेप्शनच्या मुलीएवढाच अधिकार हाय, सर. चुकीच्या मेलवर माझं बोट पडलं तर फक्त माझं नुकसान होईल. तुमची कंपनी बुडनार नाय."

मी त्या खोलीत उभा होतो म्हणून सांगतो, एवढा मोठा अधिकार हातात असून तो रोज खिशाबाहेर ठेवणारं माणूस मी पहिल्यांदा बघत होतो. आणि बहुतेक साहेबही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग मलाही रिसेप्शनएवढाच द्या."

दिला! आठवड्याच्या आत त्यांचा फोन. "मॅडम, हा प्रिंटर बसवू देत नाहीये. परवानगी नाही म्हणतो."

"बरोबर म्हनतो, सर."

"मग आता मी काय करायचं?"

"आयटीला रिक्वेस्ट टाका."

आणि टाकली हो साहेबांनी! "कृपया" वगैरे लिहून.

* * *

मग एकेक मशीन डोमेनला जोडत प्लांटभर हिंडायला सुरुवात केली. बॉयलर हाऊसच्या मशीननं मात्र दादच दिली नाही. नाव बरोबर, पासवर्ड बरोबर, केबल बरोबर, पण आत घेईना.

मॅडमनी स्क्रीनच्या कोपऱ्यात बघितलं आणि हसायलाच लागल्या. घड्याळ पुढे होतं. चांगली पंधरा मिनिटं!

बॉयलरवर नाखवा काका. उरणजवळच्या मोऱ्याचे. भाऊ अजून मासेमारीच्या बोटीवर, हे एकटे कंपनीत. ते शांतपणे म्हणाले, "मीच ठेवलाय फुडं. उरनची बस चुकली तं मोऱ्याला कोन न्हेल मना?"

मॅडम त्यांच्या शेजारी बसल्या. "काका, आता सगल्या कंपनीचं घड्याल एकच. सर्व्हर टाईम सांगनार, बाकीच्यांनी ऐकायचा. पाच मिन्टांच्या वर फरक पडला तं तो आपल्याला ओलखतच नाय. त्याला वाटतं, कोनतरी चोर जुनी चिठ्ठी घेऊन आलाय."

काकांना हे फारच नवलाचं वाटलं. "बेलापूरला पन हाच टाईम?"

"हाच."

"साहेबाच्या कॉम्प्युटरला पन?"

"त्याला पन."

काका उठले, बाहेर जाऊन प्लांटकडे एक नजर टाकून आले. रिअ‍ॅक्टर, लॅब, गेट, पलीकडे ऑफिस. सगळीकडे या क्षणी एकच वेळ चाललीय, हे त्यांना खरंच डोळ्यांनी बघायचं होतं बहुतेक! परत येऊन बसले. स्वतःच्या हातानं घड्याळ मागे घेतलं. मशीन जोडलं गेलं. स्क्रीनवर स्वागताची ओळ आली.

मग काका म्हणाले, "बाय, येवढा करतंस तं भरती-ओहोटी पन घे डोमेनमदी. ती पन रोज टाईम बदलतं!"

* * *

पासवर्डचा नियम आला तेव्हा कंपनीत नुसता हलकल्लोळ झाला. बारा अक्षरं, त्यात एक मोठं, एक आकडा, एक चिन्ह. आणि दर काही महिन्यांनी बदलायचा!

स्टोअरला आमच्याच साताऱ्याकडचे जाधव काका. म्हणाले, "बारा अक्षरं? माझ्या अख्ख्या नावात बी नसत्याल!"

पण दुसऱ्याच दिवशी पठ्ठ्या धडाधड लॉगिन करायला लागला. एकही चूक नाही. मी थक्क! एवढा मोठा पासवर्ड या वयात लक्षात कसा राहिला?

तिसऱ्या दिवशी कळलं. मी स्टोअरच्या दारात उभा होतो. काका एकेक की दाबत खणखणीत आवाजात म्हणत होते, "मिरची दोन... धने एक... दगडफूल..."

घरचा मसाला! काकूंचा. प्रमाणासकट! आकडे त्यात आपोआपच येत होते, शेवटी एक चिन्ह ठोकलं की झालं. अख्ख्या स्टोअरला पाठ झालेला. लॅबमधली एक बाई तर येऊन विचारून गेली, "काका, पासवर्डात खोबरं किती?"

मॅडमनी समजावलं, "काका, मनातल्या मनात म्हणा." काकांनी ओठ मिटले, कीबोर्डवर हात ठेवले, आणि तसेच बसून राहिले. घाम फुटला.

"न्हाई जमत, मॅडम. तोंड मिटलं की बोटं बी मिटत्यात!"

शेवटी मॅडमनी पासवर्ड बदलायला लावला आणि बजावलं की नवा कोणालाही कळता कामा नये. काकांनी देवाची शपथ घेतली.

पुढच्या आठवड्यात लॅबमधली बाई जेवणाच्या सुट्टीत माझ्यापाशी आली. "पवार, लोणच्याला मोहरी एवढी लागते होय रे?"

* * *

डोमेनची खरी ताकद कळली ती वॉलपेपरच्या दिवशी.

साहेबांना वाटलं, सगळ्या स्क्रीनवर कंपनीचा लोगो आणि खाली सेफ्टीची सूचना असावी. मॅडमनी सर्व्हरवर एक नियम लिहिला. एकच! मी म्हटलं, आता प्लांटभर फिरायचं का? तर म्हणाल्या, "खुर्चीवर बस. उद्या सकाळी बघ."

सकाळी सगळीकडे लोगो. गेटवर लोगो, लॅबमध्ये लोगो, बेलापूरला लोगो. स्क्रीनवरून कोणाची नात गेली, कोणाचा डोंगर गेला, एकाचा क्रिकेटर गेला. मी प्रत्येक खोलीत डोकावून बघत होतो. एका माणसानं एका खोलीत बसून एवढ्या भिंतींवरची चित्रं बदलली! मला तर अंगावर काटा आला.

फक्त कंट्रोल रूममध्ये गडबड झाली. तिथल्या मोठ्या स्क्रीनवर आमच्या ठाकूरांनी गणपती लावलेला होता. सकाळची शिफ्ट आली की आधी त्याला नमस्कार, मग रिअ‍ॅक्टरला हात. कोणी कधी चुकवला नाही. आता गणपतीच्या जागी लोगो.

ठाकूरांचा फोन आला. आवाजच उतरलेला. "मॅडम, पोरं बॅच चालू करायला घाबरतायत."

मॅडम म्हणाल्या, "दुपारपर्यंत थांबा, त्या मशीनला नियमातून वगळते." पण बॅच थांबत नसते. ठाकूरांनी विचार केला असेल, देव काही स्क्रीनमधून निघून गेला नसेल, लोगोच्या मागेच असेल! त्यांनी आवारातलं जास्वंदीचं फूल आणलं, मॉनिटरसमोर ठेवलं, सगळ्यांनी लोगोलाच हात जोडले आणि बॅच चालू केली.

नेमके त्याच वेळी साहेब राउंडवर, आणि आम्ही दोघंही ते मशीन बघायला आलेलो. दारात उभे. पोरं डोळे मिटून कंपनीच्या लोगोपुढे उभी, समोर जास्वंद.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. आम्हाला बाहेर येऊन म्हणाले, "मला कल्पना नव्हती. कल्पनाच नव्हती, लोकांचं कंपनीवर एवढं प्रेम आहे!"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी मॅडमकडे. तो लोगो आजही तिथेच आहे. फूलही रोज असतं.

* * *

वजनकाट्यावर सुनंदा बसते. टँकर आला की भरलेला किती, रिकामा किती, ते नोंदवायचं. काटा गेटपाशी, केबिन एवढीशी, समोर दिवसभर धूळ आणि हॉर्न. कंपनीत लागल्यापासून ती त्या केबिनच्या पलीकडे फारशी कुठे गेलीच नव्हती.

नव्या सॉफ्टवेअरच्या ट्रेनिंगला तिला बेलापूरला पाठवलं. आदल्या दिवशी मला विचारायला आली, "सर, माझ्या फायली पेनड्राइव्हमध्ये देता का? तिथं कोणाच्या मशीनवर बसवतील काय माहीत."

मी म्हटलं, "काही नेऊ नकोस. नाव आणि पासवर्ड टाक, बस."

तिला पटलं नाही. चेहऱ्यावरून दिसत होतं. तरी गेली.

सकाळी फोन आला. पलीकडून नुसता श्वास ऐकू येतोय. मला वाटलं, अडलं काहीतरी.

"सुनंदा, काय झालं?"

"सर..." कुजबुजल्यासारखी बोलत होती. "पाचव्या मजल्यावर बसलेय. काचेतून खाडी दिसतेय. इथल्या कोणाला मी ओळखत नाही, मलाही कोणी ओळखत नाही. दुसऱ्याच कोणाचा कॉम्प्युटर. मी फक्त माझं नाव टाकलं."

"मग?"

"माझ्या सगळ्या फायली आल्या. कालची अर्धी राहिलेली पण. सर, मी पोचायच्या आधी माझं काम इथं पोचलंय!"

मी हे सगळं स्वतःच्या हातानं सेट केलं होतं. फोल्डर कुठून कुठे जातात, मला ठाऊक होतं. तरी ती सांगेपर्यंत मलाही त्याचं एवढं मोल कळलं नव्हतं.

* * *

एक किस्सा असा आहे की त्यात काहीच घडत नाही. पण तो सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाही.

मॅडमनी सुरुवातीलाच हट्ट धरला होता, एक सर्व्हर तळोज्यात, तसाच दुसरा बेलापूरला. दोघांनी एकमेकांना सगळं सांगत राहायचं. अकाउंट्सवाले म्हणाले, "एक चालतोय ना? मग दुसरा कशाला बसवून ठेवायचा?" मॅडम म्हणाल्या, "बसून राहण्यासाठीच!"

एकदा भर दुपारी रस्त्यावर जेसीबी खोदत होता. धाडकन आवाज झाला, लाईट गेली, आली, परत गेली, आणि सर्व्हर रूममधून जळकट वास यायला लागला. धावत गेलो. तळोज्याचा सर्व्हर गेलेला. दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. कंपनीतला प्रत्येक माणूस, प्रत्येक मशीन ज्याला विचारून आत येतं, तोच गेला!

आता फोन येणार. लॅबचा, गेटचा, बॉयलरचा. आणि दुपारची शिफ्ट तर आता लॉगिन करणार!

मॅडमनी खुर्ची ओढली, टेलिफोन समोर ठेवला आणि बसल्या. मी त्यांच्या शेजारी. प्लांटमध्ये लाईट परत आली. बाहेर शिफ्टचा भोंगा वाजला. माणसं आत आली, बाहेर गेली. आम्ही फोनकडे बघतोय.

फोन वाजला नाही.

मी न राहवून कंट्रोल रूममध्ये गेलो. पोरं कामाला लागलेली. स्टोअरमध्ये गेलो. काम चालू. काट्यावर टँकर उभा, सुनंदा नोंद करतेय. कोणालाही काहीही कळलं नव्हतं! लांब बेलापूरच्या एका बंद खोलीत तो बसून राहिलेला सर्व्हर एकटा सगळ्यांना ओळखत होता, एकेकाला आत घेत होता.

परत आलो आणि सांगितलं. मॅडमनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बघ. हाय का नाय?"

संध्याकाळी साहेब भेटले. म्हणाले, "आज दुपारभर तुम्ही दोघं कुठे दिसला नाहीत. काही काम नव्हतं वाटतं?"

"नव्हतं, सर," मॅडम म्हणाल्या.

* * *

आता शेवटचा.

डोमेन स्थिरावल्यावर साहेब म्हणाले, टँकर यार्डातल्या लोकांनाही लॉगिन द्या. त्यांनी तोवर कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. यार्डात एक कॉम्प्युटर ठेवला आणि मॅडम एकेकाचं नाव बनवत बसल्या. आमची पद्धत साधी. आधी नाव, मग टिंब, मग आडनाव. इंग्रजीत.

संतोष पाटील म्हणून एक व्हॉल्व्ह ऑपरेटर होता. चाळिशीचा, उंच, कमी बोलणारा. त्याचं नाव टाकलं तर सर्व्हर नको म्हणाला. परचेसमध्ये एक संतोष पाटील आधीच होता.

मी म्हटलं, "सोपं आहे. पाटीलच्या पुढे दोन लावू."

तो पहिल्यांदा बोलला. "मना दोन नंबर नको."

"अरे, कॉम्प्युटरला कळायला फक्त."

"दोन नंबरचा मानूस नाय मी."

मॅडमनी माझ्या हातातून कीबोर्ड घेतला. त्याच्याकडे वळून बसल्या. "लोक तुला काय म्हनतात? दुसरा पाटील पन हाय ना इथं, मग तुला हाक कशी मारतात?"

"गावावरनं."

"कनचा गाव?"

"कोंबडभुजे."

मॅडमचे हात थांबले. मलाही ते नाव माहीत होतं. नव्या विमानतळाच्या जागेत गेलेल्या गावांपैकी एक. आता त्या बाजूला गेलं की कुंपण दिसतं, आणि कुंपणापलीकडे सपाट जमीन.

"आता कुठं ऱ्हातंस?" मॅडमनी विचारलं.

"दिलाय प्लॉट. घर बांधलाय. चांगला हाय," तो म्हणाला. "पत्ता विचारला तं सेक्टर सांगतो. आधार कार्डावर पन सेक्टरच हाय. गावाचा नाव आता कुठं लिवाचाच लागत नाय."

यार्डात बाकीचे उभे होते.

मी मॅडमच्या कानात म्हटलं, "मॅडम, नियम आडनावाचा आहे. आणि जुन्या प्रोग्रॅमना वीस अक्षरांच्या पुढे चालत नाही. हे बसणार नाही."

मॅडमनी इंग्रजीत टाईप करायला सुरुवात केली. संतोष. टिंब. मग ते गाव, एकेक अक्षर, सावकाश. मी मनातल्या मनात मोजत होतो.

टिंब धरून एकोणीस!

सर्व्हरनं घेतलं. नाव तयार झालं. त्या क्षणी बेलापूरलाही ते पोचलं असणार, आणि कंपनीतलं प्रत्येक मशीन आता त्या नावाला ओळखत होतं.

मॅडम उठल्या. "ये. तूच टाक आता."

संतोषनं हात पुसले आणि खुर्चीत बसला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत, त्यानं सगळं नाव लिहिलं. पासवर्ड टाकला. एंटर दाबलं. स्क्रीनवर स्वागत आलं आणि त्याखाली त्याचं नाव, गावासकट.

त्यानं एकेका अक्षरावरून बोट फिरवत ते वाचलं. मग मी शिकवलं होतं तसं लॉग-आऊट केलं.

मी पुढच्या माणसाला हाक मारली. पण संतोष खुर्चीतून उठेना. परत एका बोटानं अक्षरं शोधायला लागला.

"काय झालं, संतोष?" मी विचारलं. "काही चुकलं का?"

"नाय," तो स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "परत एकदा जाऊन येतो."